आमचा अनुस्वार

वर्षभर या पानावर मी दर आठवड्याला ठरलेल्या जागेत आटोपते घेतो. दिवाळीला मात्र संपादक हात सैल सोडतात आणि ‘या खेपेला काहीतरी घरगुती लिहा’ अशी सूचना करतात. घरगुती म्हणजे नेमके काय, याचा विचार करीत मी टेबलाशी बसलो, तेव्हा कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर एक पांढरे मांजर हातपाय ताणून झोपले होते. त्याला उठवल्याशिवाय लिहिता येईना, आणि त्याला उठवणे माझ्या जिवावर येईना म्हणावे तर तेही खरे नाही. अगदी जिवावर आले. कारण २०२५ च्या जुलैत हे मांजर आमच्या हातचे जवळजवळ गेलेच होते. तेव्हा म्हटले, विषय शोधायला टेबलापलीकडे जायला नको.

आमचे घर करंजाला आहे. करंजा म्हटले की काही वाचकांना विदर्भातले कारंजा आठवते आणि दिवाळीच्या दिवसांत बहुतेकांना खुसखुशीत करंज्या आठवतात. हे करंजा दोन्हींपैकी नव्हे. उरणच्या दक्षिणेला, द्रोणागिरीच्या पायथ्याशी, धरमतरच्या खाडीच्या तोंडावर हे कोळ्यांचे आणि आगऱ्यांचे गाव वसले आहे. समोर रेवस; लाँचने खाडी ओलांडली की अलिबाग तालुका लागतो. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आली आणि तिथली माणसे घड्याळाकडे पाहू लागली. आमच्या पाड्यावर मात्र अजून भरती-ओहोटीवरच वेळ सांगतात. नोकरीच्या सोयीसाठी म्हणून २०१९ साली आम्ही इथे भाड्याने राहायला आलो, आणि सोय संपली तरी राहिलो.

घरमालकांनी किल्ली दिली, विजेच्या मीटरचा क्रमांक दिला, पाणी किती वाजता येते ते सांगितले, आणि जाता जाता ओट्यावरच्या करड्या मांजरीकडे बोट दाखवून ‘ही इथलीच आहे’ एवढे म्हणाले. म्हणजे मांजर आम्ही पाळले नाही. मांजराच्या घरात आम्ही बिऱ्हाड केले. तिचे नाव मनी. महाराष्ट्रातल्या निम्म्या मांजरींचे असते तेच.

२०२२ च्या पावसाळ्यात मनीने माळ्यावर, माझ्या जुन्या दिवाळी अंकांच्या ढिगावर चार पिल्ले घातली. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढून ही प्रथा सुरू केली, तेव्हा अंकांचा असाही उपयोग होईल हे त्यांच्या ध्यानी आले नसावे. चारांतली तीन पिल्ले वाटली. एक पाड्यातच गेले, एक उरणला, आणि एक लाँचने रेवसला सासरी गेले. चौथे कुणी नेले नाही, कारण ते अशक्त होते. सगळे अंग पांढरे, आणि दोन कानांच्या मधोमध, बरोबर टाळूवर, एक वाटोळा काळा ठिपका. माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला आणि मी त्याचे नाव ‘अनुस्वार’ ठेवले. आमची कन्या तेव्हा शुद्धलेखनाच्या तासाला गुण गमावत होती. तिने नाव ऐकून ‘म्हणजे हा कुठे द्यायचा आणि कुठे नाही, ते कुणालाच कळणार नाही’ असे भाकीत केले. ते पुढे खरे ठरले. हे मांजर कुठे असेल याचा नियम अद्याप कोणत्याही व्याकरणात सापडलेला नाही.

मनीची नंतर शस्त्रक्रिया करून घेतली, आणि आठ महिन्यांचा झाल्यावर अनुस्वाराचीही. मांजरीचे दिवस जेमतेम नऊ आठवड्यांत भरतात आणि वर्षातून दोन-तीनदा ती वितात. पाड्यातल्या मांजरांचे पावसाळ्यातले हाल डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला आणखी पिल्लांची हौस राहत नाही. आईला हे रुचले नव्हते. षष्ठी देवीचे वाहन मांजर, आणि षष्ठी म्हणजे आपली सटवाई. तिच्या वाहनाच्या पोटावर सुरी कसली चालवता, असे तिचे म्हणणे. मी सटवाईची बाजू मांडायला गेलो नाही. सौ.ने आईला पावसात भिजलेली दोन मेलेली पिल्ले दाखवली आणि विषय संपला.

आता शेजारच्या बयविषयी सांगायला हवे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. बय म्हणजे आई. सगळा पाडाच तिला बय म्हणतो. वय सत्तरीपुढे, नवरा नाही, दोन मुलगे बोटीवर. प्रथम मी तिला ‘बय, तुम्ही’ म्हणून हाक मारली, तेव्हा ती खो खो हसली. ‘बय म्हनायचं न तुमी म्हनायचं? मी काय ब्यांकेची बाय हाय?’ तेव्हापासून आमचे अरेतुरेचे आहे. तिला ‘अनुस्वार’ म्हणता येत नाही, किंवा म्हणायचे नाही. तिने पहिल्या दिवशीच त्याची ‘अनुसया’ करून टाकली. बोका आहे, असे मी तीनदा सांगून पाहिले. ‘असंल’, ती म्हणाली.

करंजाच्या मांजरांचे वर्ष दोन भागांत वाटलेले आहे. बोटी समुद्रात असतात तेव्हा मांजरांची दिवाळी असते. धक्क्यावर पाट्या उतरतात, खाली सांडलेली मांदेली नि ढोमी गोळा करायला चारी पाड्यांतली मांजरे येतात, आणि त्यांच्या चालीत सरदारांचा डौल असतो. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. बोटी ओढून काठावर घेतात, वरून ताडपत्र्या घालून शाकारतात, ओटीवर जाळी तुणायला काढतात. द्रोणागिरी धुक्यात दिसेनासा होतो. मग घरोघर आगोटीची बेगमी उघडते. पावसाळ्याआधी वाळवून ठेवलेले बोंबील, सुकट, जवळा, यांवर ते दिवस निघतात. माणसेच मोजून खातात, तिथे मांजरांना कोण विचारतो? त्या दोन महिन्यांत धक्क्यावरची मांजरे हाडांच्या सापळ्यासारखी दिसू लागतात.

बय मात्र आमच्या अनुस्वाराला विसरत नसे. रोज सकाळी कुंपणावरून तिचा हात यायचा, आणि त्या हातात मूठभर जवळा असायचा. आगोटीच्या डब्यातला मूठभर जवळा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना कदाचित कळणार नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कुणी आपल्या पाकिटातली नोट काढून द्यावी, तसे ते आहे. अनुस्वार कुंपणावर दोन पाय टेकून उभा राही, आणि जवळा संपला की बयच्या तळहातावरची धूळसुद्धा चाटून घेई.

घरात त्याची दुसरी चंगळ म्हणजे दूध. आई संध्याकाळी देवाजवळ दिवा लावते आणि त्याच हाताने बशीत दूध ओतते. आणि मांजराने दूध प्यायचे नाही तर प्यायचे काय? मी वर्गात वाक्प्रचार शिकवतो त्यातले मांजर डोळे मिटून दूधच पिते, आणि शिंके तुटते ते बोक्यासाठीच. मराठी भाषेतून दूध काढून घेतले तर मांजराला बोलायला काही उरणारच नाही.

अनुस्वाराच्या संगोपनात माझ्याकडे एकच खाते होते, आणि ते म्हणजे घमेले. बाथरूमशेजारच्या बोळात घमेल्यात कोरडी वाळू ठेवलेली असते. रोज सकाळी तिच्यातले ओले गोळे आणि इतर ऐवज फावड्याने काढायचा आणि चार दिवसांनी सगळी वाळू बदलायची, हे काम सौ.ने मला देताना ‘एवढे तरी करा’ असे म्हटले होते. मार्जार हा शब्द ‘मृज्’ धातूपासून आला आहे. मृज् म्हणजे स्वच्छ करणे, पुसणे. स्वतःला सतत चाटूनपुसून साफ ठेवतो तो मार्जार. ही व्युत्पत्ती मी घमेल्यापाशी उकिडवा बसून सौ.ला सांगितली होती. ती म्हणाली, ‘मग घरातला मार्जार तुम्हीच.’

तर जुलैत काय झाले, की माझ्याकडे पुनर्मूल्यांकनाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. तारीख जवळ होती. चार दिवस मी घमेल्याकडे पाहिले नाही. वाळू कन्येने बदलावी असे ठरले, आणि कन्येला चाचणी परीक्षा होती, म्हणून आईने बदलावी असे ठरले, आणि आईला ते कुणी सांगितलेच नाही. पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, बय कुंपणाशी न थांबता सरळ घरात आली. छत्रीसुद्धा मिटली नव्हती.

‘मास्तर,’ ती म्हणाली, ‘तुजी अनुसया मुतं नाय रं.’

मी लाल पेन खाली ठेवले नाही. ‘म्हणजे?’

‘म्हंजे काय? सकालपासून तीन येला घमेल्यान जाऊन बसली. उठली न वालू कोरडीच. न आवाज बी काढते, आयकला नाय काय?’

मी ऐकला होता. सकाळपासून एक बारीक, लांबलेला सूर मधूनमधून येत होता, आणि पावसात मांजरे रडतात तसा तो असेल असे मी गृहीत धरले होते. घमेल्यापाशी गेलो. वाळू खरोखर कोरडी होती. अनुस्वार कडेला बसून स्वतःच्या पोटाखाली चाटत होता, थांबत होता, पुन्हा घमेल्यात चढत होता, पाठीची कमान करून कुंथत होता, आणि काहीही न होता उतरत होता. बय म्हणाली की तिच्या दिराचा बोका असाच गेला. तिसऱ्या दिवशी.

जवळच एका ठिकाणी त्याला घेऊन गेलो. तिथे तपासणाऱ्यांनी पोट वरवर दाबून पाहिले, ‘कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठ आहे’ असे निदान केले, आणि एक तेलकट औषध दिले. मला ते पटले, कारण मला ते पटवून घ्यायचे होते. उत्तरपत्रिका वाट पाहत होत्या. बयला मात्र पटले नाही. ती रात्री दोनदा येऊन वाळूत हात घालून गेली.

ती रात्र आमच्या घरात कुणी झोपले नाही. बाहेर पाऊस कोसळत होता. अनुस्वार खाटेखालच्या कोपऱ्यात, ट्रंकेमागे जाऊन बसला. मांजर दुखणे सांगत नाही, लपवते; आडोशाला जाऊन गप्प बसते आणि आपण त्याला ‘आज कसा शहाण्यासारखा बसलाय’ म्हणतो. पहाटेच्या सुमाराला तो ओकला. अंग गार वाटू लागले. आईने कळवळून घरातली तापाची गोळी काढली, अर्धी चुरून दुधातून द्यावी म्हणून. सौ.ने तिचा हात धरला. ‘विचारल्याशिवाय काही द्यायचे नाही,’ एवढेच ती म्हणाली. त्या एका वाक्याने मांजर वाचले, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. पॅरासिटामॉल माणसाचा ताप उतरवते, पण मांजराचे यकृत ते पचवू शकत नाही. रक्त प्राणवायू वाहायचे थांबते, आणि एकच गोळी त्याला मारायला पुरते.

उजाडताच भाजीच्या करंडीत जुनी चादर घालून अनुस्वाराला बसवले, वरून दुसरी करंडी बांधली, आणि रिक्षा करून पनवेलला निघालो. बय रस्त्यापर्यंत आली होती. एरवी करंडी पाहिली की पळणारा हा प्राणी, त्या दिवशी मी मानेला धरून उचलला तसा लुळा पडून आत गेला. श्रीवैष्णवांच्या तत्त्वज्ञानात दोन न्याय सांगितले आहेत. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून ठेवते, तसे भक्ताने देवाला धरावे, हा एक. दुसरा मार्जारकिशोरन्याय, मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, आई तोंडात धरून नेईल तिकडे जाते, तसे भक्ताने स्वतःला सोपवून द्यावे. हे मी पंधरा-वीस वर्षे संतवाङ्मयाच्या प्रस्तावनेत शिकवत आलो आहे. पण पिल्लू सोपवून मोकळे झाल्यावर आईच्या जबड्याला किती कळ लागते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. जासईपर्यंत पोचेपर्यंत करंडीतून एकही आवाज आला नाही, आणि वळणावळणावर मी फटीतून बोट घालून तो श्वास घेतो आहे की नाही, ते पाहत होतो.

पनवेलच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पोटाला हात लावला मात्र, त्यांचा चेहरा बदलला. ‘लघवी कधीपासून बंद आहे?’ मी म्हटले, काल सकाळपासून असावी. ‘असावी?’ त्यांनी विचारले. एम.ए. झालेला माणूस, वीस वर्षे नोकरी केलेला. आणि घमेल्यात काय आहे ते त्याला ठाऊक नाही. त्यांनी माझा हात धरून अनुस्वाराच्या पोटावर ठेवला. आत मोसंब्याएवढा टणक गोळा लागत होता. ते मूत्राशय.

बोक्याची लघवीची नळी शेवटाला अतिशय अरुंद असते. लघवीतले क्षार वाळूच्या कणांसारखे जमतात, त्यांत मूत्राशयातला चिकट स्राव मिसळतो, आणि नळीला बूच बसते. मांजरींची नळी रुंद असते, म्हणून त्यांना हा प्रकार क्वचित होतो. कुंथण्यामुळे तो बद्धकोष्ठासारखा दिसतो, आणि तिथेच घात होतो. बाहेर जायचे विष रक्तात साठते, पोटॅशियम वाढते, आणि हृदय थांबते. पूर्ण तुंबल्यापासून दोन-तीन दिवस, बस्स. आमचा एक दिवस मी घालवला होता, निम्मा दुसऱ्याने.

त्याला भूल देऊन, काडीएवढी बारीक नळी घालून, बूच धुऊन काढले. पहिली लघवी रक्तासारखी लाल आली. तीन दिवस तो तिथेच होता, पायाला सलाईन बांधून. मी रोज कॉलेज सुटल्यावर जाई. तो पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला लागून बसलेला असे, आणि टाळूवरचा ठिपका तेवढा दिसे. बिल साडेअकरा हजार झाले. आई म्हणाली, ‘एवढे आपण माणसांसाठीसुद्धा पटकन करीत नाही.’ तिचे म्हणणे खोटे नव्हते. तिच्या मोतीबिंदूचे आम्ही दोन वर्षे पुढे ढकलत होतो. त्या महिन्यात तेही उरकले, हे इथे नोंदवून ठेवतो.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून विचारले, ‘काय खातो हा?’ मी अभिमानाने सांगितले: करंजाचा आहे, मासळी खातो, पावसाळ्यात जवळा, आणि रोज दूध. त्यांनी कपाळाला हात लावला.

मांजराचे पूर्वज आफ्रिकेतले आणि पश्चिम आशियातले रानमांजर. कोरड्या मुलखातला प्राणी, पाणी जवळजवळ न पिणारा. त्याचे पाणी त्याच्या शिकारीत असे, कारण उंदराच्या अंगात सत्तर टक्के पाणीच असते. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले एक मांजर उत्खननात सापडले, त्याचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे इतकी वर्षे हा प्राणी आपल्या शेजारी राहतो आहे, पण तहानेची सवय त्याने अद्याप लावून घेतलेली नाही. आपण त्याला कोरडे खाणे घालतो, शेजारी पाण्याची वाटी ठेवतो, आणि तो पाणी पिईल असे समजतो. तो पीत नाही. लघवी घट्ट होत जाते. या दुखण्याला एकच कारण नसते. लठ्ठपणा, घरातली गडबड, मनाचा ताण, हेही त्यात येतात. पण खारवलेल्या, वाळवलेल्या, कवचासकटच्या जवळ्यातले मीठ नि क्षार अशा बोक्याला मुळीच नकोत, असे त्यांनी बजावले. काही मासळीत कच्ची असताना ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारे द्रव्य असते, म्हणून मासळी द्यायची तर थोडी, उकडून, काटे काढून, आणि रोज नाही. दूधही बंद, कारण पिल्लूपण सरले की बहुतेक मांजरांना ते पचत नाही. ती पितात मात्र आनंदाने. डोळे मिटून पितात हे खरे. पोट बिघडल्यावर उघडतात.

पण मांजराला वरण-भातावरही ठेवता येत नाही, हे त्यांनी लगेच पुढे सांगितले. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांसमच्छीतूनच मिळते. ते नसेल तर डोळे जातात, हृदय दुबळे होते. तेव्हा शुद्ध शाकाहारी घरांनी मांजर पाळताना आधी स्वतःच्या मनाशी बोलून घ्यावे. आमच्याकडे आता उकडलेले कोंबडीचे मांस, बाजारातले मांजरांसाठीचे ओले खाणे, आणि त्यात वरून चमचाभर पाणी, असा बेत असतो. घरात तीन ठिकाणी पाणी ठेवले आहे, ताटलीपासून लांब, कारण जेवणाशेजारचे पाणी मांजराला आवडत नाही. अनुस्वार तीनही वाट्या सोडून बादलीतले पितो. प्यायला म्हणजे झाले.

दूध बंद करणे सोपे गेले. आईने दोन दिवस देवाला जाब विचारला आणि मग बशी उचलून ठेवली. खरी अडचण कुंपणापलीकडे होती.

अनुस्वार परत आला त्याच्या दुसऱ्याच सकाळी बयचा हात कुंपणावरून आला. मूठ नेहमीपेक्षा मोठी होती. ‘आजारातून उठला, खाऊंद्या त्याला,’ ती म्हणाली. ज्या बाईने त्याचा जीव वाचवला, जिच्या तोंडावर मी ‘पाहू दुपारनंतर’ म्हणणार होतो, तिला मी काय सांगू? की तुझ्या मुठीतले ते त्याला बाधते? मी हात पुढे केला, जवळा घेतला, ‘नंतर घालतो’ म्हणालो, आणि घरात नेऊन डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशी तसेच. आठवड्यात डबा भरला. मग आम्ही जवळ्याची चटणी केली, जवळा घालून वांगी केली, जवळ्याची भाकरी केली. कन्या म्हणाली, ‘बाबा, मांजराचे पथ्य आपण का पाळतोय?’ एका सत्तरीच्या म्हातारीच्या आगोटीतून आमचे चौघांचे पोट भरत होते, आणि ते मला सहन होत नव्हते. पण सांगायला तोंड उघडत नव्हते. वर्गात तास तास बोलणारा माणूस मी. खरे सांगायचे तर मला तिचे वाईट वाटेल याची जितकी भीती होती, तितकीच ती मला ‘शिकलेला’ म्हणून दूर धरील याची होती.

नवव्या दिवशी ती भांडे परत न्यायला स्वैपाकघरात आली आणि तिला डबा दिसला. झाकण उघडेच होते. तिने आत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

‘मना सांगाया काय झालं व्हतं?’ ती म्हणाली. ‘मी काय त्याची वैरीन हाय?’

सौ.ने पुढे होऊन सगळे सांगितले. मीठ, क्षार, नळी, बूच, सगळे. बय ऐकत होती. मध्येच तिने विचारले, ‘म्हंजे माज्या दिराचा बोका बी सुकटीनंच गेला?’ सौ. म्हणाली, तसे कुणालाच सांगता येणार नाही. बय काही वेळ बोलली नाही. मग तिने डबा उचलला, काखेत धरला, आणि निघाली. दाराशी वळून मला म्हणाली, ‘नऊ दिस तू माजा जवला खाल्लास न मना बोल्ला नाय. मास्तर हायस का कोन हायस?’

त्यानंतर पाच दिवस कुंपणावर हात आला नाही. अनुस्वार सकाळी नेहमीच्या वेळी तिथे जाऊन उभा राही, दोन पाय टेकून, आणि मग खाली उतरे. मीही दुरून पाहत असे.

नारळी पौर्णिमा झाली, नारळ सोडला, बोटी गेल्या. पहिल्या बोटी परत आल्या त्या संध्याकाळी बय आली. हातात झाकलेली वाटी. आत उकडलेल्या माशाचे पांढरे तुकडे, काटा न काटा काढलेले, आणि वर बोटभर पाणी. ‘मीठ नाय घातलं,’ ती म्हणाली, ‘हलद बी नाय. आठोड्यान दोन येला देईन. चाललं काय, तुज्या डाक्टरनीला इचार.’ मी विचारले. चालेल म्हणाल्या.

आता दिवाळी जवळ आली आहे. गेल्या वर्षी पहिला सुतळी बाँब वाजल्यावर अनुस्वार दीड दिवस सापडला नव्हता. भाद्रपदापासून मी कन्येशी वाटाघाटी करतो आहे, आणि तिने आमच्या अंगणापुरते फटाके बंद केले आहेत. पाड्याचे तिच्या हाती नाही. आतल्या खोलीत जाड पडदे लावले आहेत, ट्रंकेमागे त्याची चादर घातली आहे, घमेले आणि पाणी तिथेच नेऊन ठेवले आहे. संध्याकाळी पाचनंतर त्याला बाहेर सोडायचे नाही असे ठरले आहे. मनीला असली भीती नाही. ती फटाक्यांकडे पाठ करून ओट्यावर बसते आणि घराची मालकी सांभाळते.

घमेले पुन्हा माझ्याकडे आहे. उत्तरपत्रिका कितीही असोत, सकाळी आधी वाळू पाहायची, मग चहा. बयचा मात्र माझ्यावर विश्वास बसलेला नाही. रोज सकाळी ती कुंपणापलीकडून तपासणी करते, आणि तिचा आवाज समुद्रावर बोलून तयार झालेला आहे. परवा माझे दोन विद्यार्थी रेवसच्या लाँचने उतरून प्रबंधाचा मसुदा दाखवायला आले होते. त्यांच्यासमोरच हाक आली. आताही, हे लिहितो आहे तोच, खिडकीतून ती आली आहे:

‘मास्तर! अनुसया मुतली काय?’

अनुस्वाराने कागदांवरून मान वर केली आहे. मी उठून खिडकीशी जातो आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, ‘हो बय, दोनदा!’